अक्काच्या चित्रातली माशी

माशी नाहीशी झाली आहे हे माझ्या लक्षात यायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांसाठी मी अजून स्वतःवर चिडलेली आहे. शनिवारी दुपारी दादा अक्काचं चित्र फ्रेम करून घेऊन आला. वर्तमानपत्राचे कागद त्यानंच सोडवले, चित्र भिंतीला टेकवून उभं केलं आणि म्हणाला, "बघ, कसं उठून दिसतंय." मी फ्रेम पाहिली. तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी होती. साधी लाकडी पट्टी लाव, असं मी त्याला दोनदा सांगितलं होतं. तेवढ्यावरून मनात कुरकुरत मी चहा टाकायला आत गेले. चहा उकळेपर्यंत काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, म्हणून गॅस बारीक करून पुन्हा बाहेर आले.

चित्रातल्या टेबलाच्या कडेवर, उजवीकडे, माशी बसलेली असायची. ती नव्हती. तिच्या जागी पाण्याचा एक टपोरा थेंब होता.

मग एकेक दिसत गेलं. टेबलावर गळून पडलेल्या शेवंतीच्या सुक्या पाकळ्या गेल्या होत्या, तिथे नुसतं तपकिरी लाकूड होतं. जास्वंदीच्या पानाला किड्यानं पाडलेलं भोक बुजलं होतं. अनंताच्या फुलाची पिवळी पडलेली कड पांढरीशुभ्र झाली होती.

"दादा, माशी कुठाय?"

"काढून घेतली," दादा म्हणाला. "तो फ्रेमवाला पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचा. हात चांगला आहे. जोड दिसतोय का कुठे?"

दादा आमचा थोरला भाऊ. तो आणि वहिनी ठाण्याला राहतात. अक्का मधली, मी धाकटी. आम्ही दोघींनी लग्न केलं नाही आणि बावीस वर्षं घणसोलीतल्या या फ्लॅटमध्ये एकत्र राहिलो. गेल्या माघात अक्का गेली. येत्या सोमवारी तिचं वर्षश्राद्ध होतं, माणसं जेवायला येणार होती, आणि त्याच्या आत चित्र भिंतीवर लागावं असं मलाच वाटत होतं. दादा आपणहून म्हणाला होता, "तू काही करू नकोस, मी फ्रेम करून आणतो." मला त्याचं बरं वाटलं होतं.

अक्का शाळेत चित्रकला शिकवायची. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात होते. तिथे चित्रांची पुस्तकं कुणी मागत नसे. एकदा जुनी पुस्तकं बाद करताना युरोपातल्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक निघालं, शिवण उसवलेलं. ते मी अक्कासाठी घरी आणलं. त्यात एका पूर्ण पानावर सतराव्या शतकातलं, हॉलंडमधलं फुलांचं एक चित्र होतं. मागे काळोख, पुढे दगडी कट्ट्यावर काचेचं भांडं, आणि त्यात मावणार नाहीत इतकी फुलं. लाल रेघांचे ट्यूलिप, गुलाब, निळी आयरिस, मधूनच एक गव्हाची ओंबी. खाली कट्ट्यावर गळलेल्या पाकळ्या, एक गोगलगाय, एक माशी.

अक्का चित्र बघायची आणि मी मजकूर वाचून दाखवायची, अशी आमची पद्धत होती. मी वाचून सांगितलं की असा गुच्छ त्या चित्रकारासमोर कधी ठेवलेलाच नव्हता. यातली काही फुलं वसंतात येतात, काही उन्हाळ्यात. ते लोक वर्षभर, जे फूल ज्या दिवसांत मिळेल त्याचा अभ्यास कागदावर करून ठेवत, आणि मग त्या कागदांवरून मोठं चित्र रचत. एखाद्या फुलासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबत. त्यामुळे एकच फूल, त्याच कलानं, दोन-तीन चित्रांत सापडतं.

"म्हणजे हा गुच्छ कधी नव्हताच?" अक्कानं विचारलं.

"नव्हता."

"लबाड," ती खूश होऊन म्हणाली.

पुढे पुस्तकात किडक्या पानांबद्दल आणि माशीबद्दल बरंच होतं. सगळं नाशवंत आहे याची बघणाऱ्याला आठवण राहावी म्हणून ते तसं काढत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं. दुसरे काही म्हणतात, छे, तो नुसता हात किती तयार आहे ते दाखवण्याचा प्रकार. मी दोन्ही बाजू वाचायला लागले तेव्हा अक्कानं मला थांबवलं. "उपदेश राहू दे गं. पाय बघ तिचे. सहाच्या सहा आहेत."

निवृत्त झाल्यावर तिनं स्वतःचं तसं चित्र काढायला घेतलं. ट्यूलिप तिनं कधी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. "न बघितलेलं फूल मी काढणार नाही, जन्मभर पोरांना तेच सांगितलं," म्हणाली. मग आपलीच फुलं. ज्येष्ठात अनंतापासून सुरुवात झाली. श्रावणात आम्ही दोघी पारसिकच्या डोंगरउतारावर तेरडा शोधत चिखलात घसरलो. शेवंतीसाठी थंडी येऊ दिली. पांगारा फुलला तेव्हा तिला ताप होता, तर मला पाठवलं, आणि मी आणलेली फांदी चुकीच्या वयाची म्हणून परत पाठवलं. बहाव्याला वैशाख उजाडला. हे सगळं कॉफीच्या एका साध्या काचेच्या बाटलीत, काळोखासमोर. असा गुच्छ घणसोलीत काय, कुठेच कुठल्या दिवशी मिळणार नाही.

आपल्याकडे फुलाचं असं चित्र का नाही, यावर मी तेव्हा विचार करत असे. आपल्या चित्रांत फूल एकटं येत नाही. ते देवाच्या हातात असतं, बाईच्या केसांत असतं, नाही तर एखादा बादशहा ते नाकाशी धरून बसलेला असतो. फूल भांड्यात ठेवून ते सुकेपर्यंत बघत राहायचं, हे आपल्या घरात बसत नाही. आपलं फूल सकाळी येतं, देवाला वाहिलं जातं, आणि दुसऱ्या सकाळी निर्माल्य होऊन घराबाहेर जातं.

आमच्या दाराच्या कडीला रोज सकाळी फुलपुडी अडकवून जाणाऱ्या मावशी जवळच्या तळवली गावच्या. त्यांना अक्कानं एकदा गाठलं.

"मावशी, उद्या जास्वंदीचं एखादं किडकं पान आणाल?"

"किडकं?"

"किड्यानं खाल्लेलं. भोक पडलेलं."

"बाय, किडकं कोन वाहतं देवाला? मी चांगला माल देते तुमाला. कोन काय बोललं काय?"

"कुणी काही बोललं नाही. देवाला नकोय, मला हवंय."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कडीला फुलपुडी होतीच, आणि खाली उंबऱ्याशी किडक्या पानांनी भरलेली एक मोठी पिशवी. "आमच्या परसात लय हाय," जाताना म्हणाल्या, "अजून पायजे तर सांगा, पन सोसायटीत कुनाला सांगू नका मी दिलं म्हनून."

माशी मात्र एपीएमसीच्या फळबाजारातून आली. आंब्याची पेटी घेऊन आलो, पेटी उघडली आणि ती बाहेर पडली. अक्कानं तिला वाटीखाली धरलं, दोन दिवसांनी ती मेली, मग ती काडेपेटीत राहायला गेली. भिंग लावून अक्का आठ दिवस नुसते पाय काढत होती. पाय अगदी पातळ रंगात, केसासारखे. अंगाला मात्र तिनं रंग जाड लावला, म्हणजे उजेड त्याच्यावर अडकावा. मी म्हटलं, "झालं की आता." ती म्हणाली, "तुझी झाली. माझी नाही झाली."

दुसऱ्या दिवाळीत चित्र पुरं झालं. त्यानंतर तीन महिने ती होती. शेवटचे तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही.

तेराव्याला चित्र बैठकीतच होतं, रंगवायच्या लाकडी घोडीवर, फ्रेमशिवाय. दादा पंगतीत वाढत होता. येता-जाता त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं माशीला हाकललं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चांगला सपकारा मारला आणि मग वाकून बघितलं. पंगत हसली. तेरा दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. मीही हसले. दादा हसला नाही. वहिनी हळूच मला म्हणाल्या, "वन्सं, माशी एक वेळ राहू दे. पण ती सुकलेली फुलं? निर्माल्य कुणी घरात मांडून ठेवतं का?"

मग वर्षभर हेच. भेटायला येणारी माणसं फोटोतल्या अक्कापेक्षा चित्राकडेच जास्त बघत. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की अशा चित्रानं घरात निगेटिव्ह एनर्जी येते, तुम्ही धबधब्याचं लावा. अक्काच्या शाळेतल्या एकीनं फार प्रेमानं सांगितलं की आजारपणात हात थरथरत असेल, म्हणून पान असं फाटलं असेल, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगत बसे: हॉलंड, सतरावं शतक, वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं, किडकी पानं मुद्दाम. लोक "हो का" म्हणत आणि चिवडा घेत. दु:खाच्या घरी येऊन लोकांनी सल्ले द्यावेत हे मला समजतं. पण एका मेलेल्या बाईचं काम दुरुस्त कसं करावं, याचे सल्ले द्यावेत हे समजत नाही.

तरीही दादानं प्रत्यक्षात ते करून आणेपर्यंत कुणी खरंच चित्राला हात लावेल अशी शंका मला आली नव्हती.

"मला विचारलं का नाहीस?" मी म्हटलं. आत चहा उतू गेल्याचा वास येत होता.

"विचारलं असतं तर तू हॉलंड सुरू केलं असतंस."

"दादा!"

"हे बघ. सोमवारी माणसं येणार. पानं वाढलेली असणार, आणि वर भिंतीवर माशी."

"रंगाची माशी आहे ती."

"पण खरी वाटते ना! तोच तर प्रॉब्लेम आहे."

मी चित्राशी खाली बसले आणि थेंबाच्या कडेला करंगळी लावली. बोटाला रंग लागला. ओला होता. तेलरंग लवकर वाळत नाही हे अक्काबरोबर राहून मला माहीत होतं. खालचा तिचा रंग वर्षाहून जुना, चांगला वाळलेला. म्हणजे वरचा अजून पुसता आला असता. आज. कदाचित उद्या नाही.

"गाडी काढ," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता. तुर्भ्याला, त्या फ्रेमवाल्याकडे."

दादानं वाद घातला, पण गाडी काढली. चित्र मी मागच्या सीटवर मांडीशी धरून बसले. ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकांची रांग होती. दादा हॉर्न वाजवत होता आणि मधूनमधून आरशातून मला ऐकवत होता: त्या माणसानं किती मेहनत घेतली, शुक्रवारी दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत कसा बसला होता, आता त्याच्या तोंडावर हे सांगायचं म्हणजे काय. मी तोंड उघडलं असतं तर त्याला वाईट वाटेल असंच काहीतरी बोलले असते, आणि मला आधी चित्र दुकानात पोचवायचं होतं.

दुकान कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये होतं. एका भिंतीवर देवांच्या तसबिरी आणि आरसे, दुसऱ्या भिंतीला फ्लेक्स छापायचं मशीन. फ्रेमवाला साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. चित्र बघून त्याचा चेहरा उजळला.

"काय मॅडम, आवडलं ना?"

"काम छान आहे. पण ते काढायचंय."

"काढायचंय म्हंजे?"

"तुम्ही जे केलंत ते. सगळं. खाली जसं होतं तसं हवंय."

त्यानं दादाकडे पाहिलं. दादा आरशांकडे बघत होता, आणि तिथे सगळीकडे दादाच होता.

"साहेब तर बोलले, माशी काढा, सुकलेलं काढा, पान नीट करा."

"साहेब बोलले. चित्र माझ्या बहिणीचं आहे."

"माझीपण बहीण होती ती," दादा आरशाला म्हणाला.

फ्रेमवाल्यानं चष्मा खाली घेतला, थेंबाला नखानं हलकेच स्पर्श केला. "ओलं हाय. पण साहेबांना अर्जंट पायजे होतं, म्हणून लवकर वाळायला रंगात ड्रायर टाकलाय. संध्याकाळपर्यंत धरंल. टर्पेंटाइननं निघंल आता. पण मॅडम, खालचा रंग थोडा पण हलला तर मला बोलायचं नाय."

"नाही बोलणार."

मला स्वतःच्या हातानं पुसायचं होतं. कापूस गुंडाळलेली काडी घेतलीही. पण मी ती थेट माशीच्या जागी टेकवायला गेले, तेव्हा त्यानं माझ्या हातून ती काढून घेतली. मी त्याच्या खांद्यामागे उभी राहिले. आधी त्यानं टेबलाचा मधला भाग घेतला. काडी गोल फिरवायची, टाकायची, नवी घ्यायची. चौथ्या-पाचव्या काडीला तपकिरी रंगाखालून शेवंतीची एक पाकळी वर आली, कडेनं वळलेली, सुकी. मग दुसरी. अनंताचा पिवळेपणा आला. पानाचं भोक उघडलं, तेव्हा मी इतक्या जोरात श्वास सोडला की तो म्हणाला, "हवा नका घालू मॅडम."

मग तो थेंबापाशी आला आणि थांबला.

"इथं जरा वेगळं हाय."

"काय वेगळं?"

"माशी वर आलेली होती. रंग जाड होता. वर थेंब बसंना." तो माझ्याकडे न बघता काडीला कापूस गुंडाळत होता. "म्हणून आधी ब्लेडनं घासली."

त्याला बोलणार नाही असं मी कबूल केलं होतं.

त्यानं थेंब पुसला. खाली सहापैकी चार पाय होते. एका पंखाची कड होती. लाकडावर पडलेली सावली पूर्ण होती. मध्ये, जिथे अंग असायला हवं, तिथे कॅनव्हासचे धागे दिसत होते.

"दुसरी बसवून देऊ का?" तो म्हणाला. "तेवढी बारीक नाय येणार. पण लांबून कळणार नाय कुणाला."

"बसवा," दादा म्हणाला.

"नको," मी म्हटलं.

"अगं, आता त्यांना करू दे ना! मघाशी माशी पाहिजे म्हणून मला इथवर आणलंस, आता तो देतोय तर नको?"

"त्यांची माशी नकोय मला."

"मग काय अर्धवट पाय टांगणार भिंतीवर?"

"अर्धवट तूच केलेस."

दादा इतका वेळ उभा होता, तो स्टुलावर बसला. "तुला कळत नाही," तो म्हणाला. "वर्षभर मी येतोय. रविवार म्हणू नको, सुट्टी म्हणू नको. दर वेळी तू त्या चित्रासमोर खुर्ची टाकून बसलेली. मांडीवर ताट. समोर सुकलेली फुलं आणि माशी. मी घरी जातो आणि मला जेवण जात नाही. वाटलं, निदान फुलं तरी ताजी दिसू देत."

मी त्याच्यावर वर्षभर ज्या गोष्टीसाठी चिडले होते ती ही नव्हती. मी समजत होते, वहिनींचं निर्माल्य त्याच्या डोक्यात बसलंय, लोक काय म्हणतील ते बसलंय. हे मला माहीत नव्हतं. पण माहीत झाल्यावरही राग गेला नाही. नुसता कुठे ठेवावा ते कळेना.

"मग तसं सांगायचं होतंस मला."

"तुला? तू ऐकून घेतेस कुणाचं?"

फ्रेमवाला काड्या गोळा करत होता. "थेंब पण चांगला उतरला होता," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "बाईंनी उजेड डावीकडून घेतलाय, तो बघून केला होता."

"चांगला होता," मी म्हटलं. ते खरं होतं. हॉलंडच्या त्या चित्रकारांनीही असे थेंब काढलेत, पानोपानी, आणि ते बघायला अक्का भिंग घेत असे. पण तेव्हा ते सांगायची माझी इच्छा नव्हती.

सोमवारी गुरुजी येऊन गेले, विधी झाला, माणसं जमली. चित्र त्याच सोनेरी फ्रेममध्ये भिंतीवर होतं, कारण साधी करायला वेळ नव्हता. वहिनींनी ते आल्या आल्या पाहिलं. "परत आणलीत वाटतं ती सुकलेली," एवढंच म्हणाल्या, आणि पानं मांडताना पहिलं पान चित्रापासून चार हात लांब मांडलं.

मी आत खीर ढवळत होते. बाहेर आमचे एक लांबचे मामा चित्रासमोर उभे राहिले आहेत हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

"हे पान किडकं काढलंय की काय रे?"

"मुद्दाम काढतात तसं," दादा म्हणाला. मी ढवळायची थांबले. "जुनी पद्धत आहे ती, तीन-चारशे वर्षांपूर्वीची. वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकत्र घ्यायची. कधी एका वेळी मिळत नाहीत अशी. आणि मध्ये कुठेतरी एखादं किडकं पान, गळलेल्या पाकळ्या. फ्रान्समध्ये."

"हॉलंडमध्ये!" मी आतून ओरडले.

"तेच ते. अक्काला दीड-दोन वर्षं लागली याला."

"आणि हे इथे काय चिरडलंय?"

वहिनींनी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तिथे माशी होती," दादा म्हणाला. "मी काढायला लावली."

"का?"

"खरी वाटायची."

मामांनी यावर विचार केला असावा. "मग पाय कशाला ठेवलेस?" त्यांनी विचारलं.

मी खिरीचं पातेलं घेऊन बाहेर आले, तेव्हा दादा उत्तरासाठी स्वयंपाकघराच्या दाराकडेच बघत होता. मी सगळ्यांना पानावर बसायला सांगितलं.